पंचवीस डॉलरच्या आतली ऑस्ट्रेलियन वाइन: चाखायची कशी, जोखायची कशी

ॲडलेडला आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर महिन्यातून एकदा सहा बाटल्या मांडलेल्या असतात, सगळ्या पायमोजे घातलेल्या. थंडीतले लांब, जाड मोजे बाटलीच्या गळ्यापर्यंत बरोबर बसतात. मोज्यावर चिकटपट्टी, पट्टीवर १ ते ६ आकडे. कुठल्या मोज्यात काय आहे हे ज्याने मोजे चढवले त्यालाच ठाऊक, आणि त्या दिवशी त्याने गुण द्यायचे नाहीत. चार मराठी घरं मिळून आम्ही हे सहा वर्षं करतोय. त्याआधी बाटल्या उघड्याच असायच्या आणि दर वेळी सगळ्यात महाग बाटली पहिली यायची. मोजे आले आणि हे थांबलं.

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांना वाइन आवडते, पण चारचौघांत कुणी मत विचारलं की ‘मला त्यातलं काही कळत नाही’ म्हणून गप्प बसतात. मला मनापासून वाटतं की मराठी स्वयंपाकघरात वाढलेल्या माणसाकडे त्यासाठी लागणारं नाक, जीभ आणि शब्द आधीपासून असतात. तुरट म्हणजे काय हे आपल्याकडे जांभूळ खाल्लेल्या लहान पोरालाही सांगता येतं. रेड वाइन जोखताना हाच शब्द सर्वात जास्त कामाला येतो.

खरेदी

मी १० ते २५ ऑस्ट्रेलियन डॉलरचा पट्टा धरते. दहाच्या खाली गेलात तर बाटली, झाकण, वाहतूक, दुकानाचा नफा, घाऊक किमतीवर २९ टक्के वाइन इक्वलायझेशन टॅक्स आणि त्यावर १० टक्के जीएसटी जाऊन द्राक्षाच्या वाट्याला फारच थोडं उरतं. पंधरा ते बावीसच्या दरम्यान एकेका डॉलरने मोठा फरक पडतो, म्हणून तिथे डोळे उघडे ठेवून घ्यावं.

लेबलवर द्राक्षाची जात, प्रदेश आणि वर्ष बघा. ऑस्ट्रेलियन कायद्यानुसार यातलं जे छापलं असेल ते किमान ८५ टक्के खरं असावं लागतं. बरोसा शिराझ २०२२ म्हणजे त्यातली किमान ८५ टक्के द्राक्षं बरोसाची, तेवढीच शिराझची आणि तेवढीच २०२२ च्या तोडणीची. दोन जाती छापल्या असतील तर जिचा वाटा मोठा ती आधी येते. तोडणी इथे जानेवारी ते एप्रिलमध्ये होते, त्यामुळे त्याच सालची युरोपातली वाइन इथल्यापेक्षा सहा महिन्यांनी लहान असते.

प्रदेशाच्या जागी ‘साउथ ईस्टर्न ऑस्ट्रेलिया’ दिसलं तर समजा की द्राक्षं कुठूनही आलेली असू शकतात. हा पट्टा व्हिक्टोरिया, न्यू साउथ वेल्स, टास्मानिया आणि शेजारच्या राज्यांचे मोठे भाग मिळून होतो. बहुतेक वेळा माल रिव्हरलँड, मरे-डार्लिंग किंवा रिव्हरिना या आतल्या, उष्ण, कालव्याच्या पाण्यावरच्या भागातला असतो. ही वाइन वाईटच असते असं नाही. २००१ मध्ये रिव्हरिनातल्या येंडा गावाहून निघालेली यलो टेल जगभर गेली ती अशाच मालावर. पण तिच्यात एखाद्या जागेची खूण शोधू नका, ती तिथे ठेवलेलीच नसते.

मग कुठली जागा कशासाठी? एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ दिवस पुरतं.

रेडमध्ये बरोसा व्हॅली शिराझसाठी. १८४० च्या दशकात सायलेशियातून आलेल्या जर्मन लुथरन कुटुंबांनी इथे बागा लावल्या. मुळं खाणारी फिलॉक्सेरा कीड साउथ ऑस्ट्रेलियात कधी शिरू दिली नाही, म्हणून १८४३ साली लावलेल्या शिराझच्या वेली आजही द्राक्षं देतात, त्याही स्वतःच्या मुळांवर. मी तासगावच्या द्राक्षवाल्यांच्या घरातली. आमच्याकडे डॉगरिज नावाच्या दुसऱ्या वेलीच्या खुंटावर कलम करून बाग लावतात आणि पंधरा-वीस वर्षांत काढून टाकतात. बरोसातली ती मांडीएवढ्या जाडीची खोडं पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी बराच वेळ हलले नाही. त्या वेलींची वाइन महाग असते, पण बरोसाची साधी शिराझ वीसच्या आत मिळते आणि या भागाचा ढंग तिच्यातही असतो.

मॅकलॅरन व्हेल ॲडलेडच्या दक्षिणेला, समुद्राच्या बाजूला. तिथली ग्रेनाश घ्या. जुन्या वेलींच्या ग्रेनाशला अनेक वर्षं कुणी भाव दिला नाही, आता तिचे दर चढताहेत, तरी आपल्या पट्ट्यात अजून सापडते. कुनावारा कॅबर्ने सोव्हिन्याँसाठी. चुनखडीवर लाल मातीचा जेमतेम पंधरा किलोमीटर लांबीचा अरुंद पट्टा, ‘तेरा रोसा’ म्हणतात तिला.

पांढऱ्यात क्लेअर व्हॅली आणि ईडन व्हॅलीची रीसलिंग हा माझ्या मते या देशातला सर्वात प्रामाणिक सौदा आहे. रीसलिंगला महागडं लाकडी पिंप लागत नाही, वर्षभर थांबवून ठेवावं लागत नाही, त्यामुळे पैसे सरळ द्राक्षात जातात.

आणि हंटर व्हॅलीची सेमिलॉन. सिडनीच्या उत्तरेचा हा भाग दमट आणि उष्ण आहे, तोडणीच्या दिवसांतच पाऊस येतो. म्हणून सेमिलॉन लवकर, साखर पूर्ण भरायच्या आधीच काढतात. अल्कोहोल साडेदहा-अकरा टक्क्यांवर थांबतं. नवी असताना ही वाइन जवळजवळ पाण्यासारखी दिसते, लिंबू पिळल्यासारखी लागते आणि अनेकांना आवडत नाही. सात-आठ वर्षं बाटलीत राहिली की भाजलेल्या पावाचा आणि मधाचा वास येतो, तोही लाकडाला न शिवता. वीस डॉलरची बाटली घेऊन आठ वर्षं अंधाऱ्या कपाटात आडवी ठेवायची तयारी असेल, तर इतकं परत देणारी दुसरी वाइन मला माहीत नाही.

एक नाव आणखी: व्हिक्टोरियातल्या नागाम्बी लेक्स भागातल्या ताहबिल्क या उत्पादकाची मार्सान, हीही पांढरी. तिथल्या काही वेली १९२७ सालच्या आहेत. मार्सान फारशी कुणाच्या ओळखीची नसल्याने ती परवडते.

पहिल्या बैठकीला सहा वेगवेगळ्या जाती आणू नका. एकच जात घ्या, शिराझ म्हणा, आणि साधारण १०, १७ आणि २५ डॉलरच्या तीन बाटल्या. फरक नेमका कशात आहे हे पहिल्याच दिवशी जिभेला कळेल.

मांडणी

ग्लास सगळे एकसारखे हवेत, खाली रुंद आणि तोंडाशी निमुळते. महाग नसले तरी चालतील. प्रत्येकात ३० मिलिलिटर, म्हणजे ग्लासाच्या तळाशी जेमतेम एक बोट. पाणी आणि साधा पाव जवळ ठेवा. फरसाण, चीज, ऑलिव्ह नंतर. चीजची चरबी आणि मीठ तुरटपणा झाकतात, मग बरी-वाईट सगळीच वाइन बरी लागते.

घरात त्या सकाळी उदबत्ती नको, हिंगाची फोडणी नको, केसात मोगरा नको. आम्ही सकाळी अकराला बसतो. जीभ ताजी असते आणि जेवणाचा वास अजून घरभर झालेला नसतो.

तापमानाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं, आणि तिथेच निम्मी चूक होते. पांढरी वाइन फ्रिजमधून काढून वीस मिनिटं बाहेर ठेवा, १० ते १२ अंशांवर येऊ द्या. बर्फासारख्या थंड वाइनला वास नसतो आणि स्वस्त पांढरीतले दोष त्या थंडीतच लपतात. रेडच्या बाबतीत उलटं. ‘रूम टेंपरेचर’ हा शब्द थंड देशांतला आहे. जानेवारीत ॲडलेडचा पारा चाळिशीला टेकतो, नाशिक-सांगलीचा एप्रिल-मे वेगळा नाही. रेड वीस-पंचवीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून १६ ते १८ अंशांवर आणा. कोमट रेडमध्ये आधी अल्कोहोल नाकात जातं, फळ मागे पडतं.

थुंकायला रुंद तोंडाचं भांडं ठेवा. आमच्याकडे आजीच्या काळातली पितळी पिकदाणी आहे. पहिल्या दिवशी संकोच वाटतो, दुसऱ्या दिवशी जातो. हिशेब सरळ आहे: सहा वाइन, प्रत्येकी ३० मिलिलिटर, १३.५ टक्के अल्कोहोल, म्हणजे साधारण १९ ग्रॅम अल्कोहोल. ऑस्ट्रेलियात १० ग्रॅमचं एक ‘स्टँडर्ड ड्रिंक’ धरतात आणि बाटलीत अशी किती आहेत हे लेबलवर छापणं बंधनकारक आहे. गिळलंत तर बसल्याबसल्या जवळपास दोन झाली, आणि चौथ्या ग्लासानंतर दिलेल्या गुणांना अर्थ उरत नाही. गाडी चालवणारा थुंकतोच, हा आमचा नियम. इथे रक्तात ०.०५ टक्क्यांची मर्यादा आहे. आरोग्य खात्याचा सल्ला आठवड्याला दहा आणि एका दिवसात चारपेक्षा जास्त ड्रिंक्स नकोत असा आहे, तो मी पाळते.

बघणं

इथे फार वेळ घालवू नका. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरा. नवी रीसलिंग हिरवट फिकी असते. दोनच वर्षांची स्वस्त शार्डोने गडद सोनेरी दिसली तर सावध व्हा, तिला हवा लागलेली असू शकते. रेडची कड जांभळी असेल तर वाइन नवी, विटकरी असेल तर वयाची. ग्लास फिरवल्यावर कडेने ओघळणाऱ्या रेघांवरून दर्जा कळतो असं लोक सांगतात. त्यावरून फक्त अल्कोहोल आणि साखरेचा अंदाज येतो.

हुंगणं

इथे मात्र थांबा. दहातले सात निर्णय नाक करतं.

आधी ग्लास न हलवता हुंगा, मग तीन-चार वेळा फिरवून पुन्हा. लांब श्वास नको, मांजर हुंगतं तसे छोटे छोटे. मनात पहिला शब्द येईल तो लगेच लिहून ठेवा, शेजाऱ्याशी बोलायच्या आधी. एकाने मोठ्याने ‘चेरी’ म्हटलं की टेबलावरच्या सगळ्यांना चेरीच येते.

इंग्रजी पुस्तकांत ब्लॅककरंट, गूजबेरी, बॉयझनबेरी लिहिलेलं असतं. ती फळं खाऊन तुम्ही वाढला नसाल तर ते शब्द उपयोगाचे नाहीत. आम्ही वाट्या मांडतो: कुटलेली मिरी, लवंग, तमालपत्र, सुक्या खोबऱ्याचा तुकडा, कागदी लिंबाची साल, बेदाणे, आमसूल, पुदिना, आणि एका वाटीत कापसावर निलगिरी तेलाचा थेंब. वाइन हुंगायची, वाटी हुंगायची, पुन्हा वाइन. एका बैठकीत जेवढं कळतं तेवढं महिनाभर वाचून कळत नाही.

यातल्या काही वासांमागे पक्की कारणं आहेत. शिराझमध्ये मिरी येते ती उपमा नसून खरोखरची मिरी आहे. ॲडलेडच्या ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटने २००८ मध्ये दाखवलं की शिराझमधल्या या वासाचं कारण रोटंडोन नावाचं द्रव्य आहे, आणि तेच काळ्या मिरीतही असतं. थंड भागातल्या शिराझमध्ये ते जास्त सापडतं, बरोसासारख्या उष्ण भागात कमी. पाचातल्या साधारण एकाला हा वास येतच नाही. आमच्यातल्या एका भावजींना येत नाही, म्हणून मिरीबद्दल आम्ही त्यांच्याशी वाद घालत नाही.

ऑस्ट्रेलियन कॅबर्नेत निलगिरी येते, कारण बागेच्या कडेला निलगिरीची झाडं असतात. तेल हवेतून द्राक्षांवर आणि पानांवर बसतं. झाडांजवळच्या ओळींत वास जास्त, लांबच्या ओळींत कमी. थोडा असला तर वाइन ताजी वाटते. जास्त झाला तर छातीला लावायच्या मलमाची बाटली उघडल्यासारखं होतं.

जुन्या रीसलिंगमध्ये रॉकेलचा वास येतो. स्टोव्हवर वाढलेल्या पिढीला तो क्षणात ओळखता येतो. टीडीएन नावाच्या द्रव्यामुळे तो येतो आणि उन्हात तापलेल्या द्राक्षांत लवकर येतो. चार-पाच वर्षांच्या क्लेअर रीसलिंगमध्ये लिंबाच्या मागे हलकासा रॉकेल मला आवडतो. एका वर्षाच्या बाटलीत तोच पुढे येत असेल तर मी गुण कापते.

आता लाकूड. बरोसाच्या शिराझला परंपरेने अमेरिकन ओकची पिंपं वापरतात, आणि त्यातून नारळाच्या वडीचा आणि व्हॅनिलाचा वास येतो. ओकचं पिंप महाग असतं, त्यामुळे स्वस्त वाइनमध्ये ओकच्या चिपा किंवा फळ्या टाकतात. हे कायदेशीर आहे आणि नीट केलं तर वाईट नाही. मग ओळखायचं कसं? चांगल्या वाइनमध्ये खोबरं आणि फळ एकत्र येतात. घाईच्या वाइनमध्ये आधी लाकडाच्या वखारीत शिरल्यासारखं होतं आणि फळ कुठेतरी मागच्या खोलीत राहतं.

बेदाण्याची वाटी माझ्यासाठी सर्वात महत्त्वाची. तासगावला आमच्या मागच्या शेडमध्ये जाळीच्या रॅकवर माल पसरलेला असायचा. डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवायचा. ही पद्धत ऑस्ट्रेलियन डिप म्हणून ओळखली जाते, आणि आपलं थॉमसन सीडलेस इथे सुलताना नावाने मरे नदीकाठच्या मिल्ड्युराला त्याच रीतीने वाळतं. त्या शेडमध्ये तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारा गोड, जड, थोडा करपट वास मला झोपेतही ओळखता येईल. उष्ण सालच्या स्वस्त शिराझमध्ये तो अनेकदा सापडतो. त्याचा अर्थ द्राक्षं वेलीवर फार काळ राहिली, सुरकुतली, ताजेपणा गेला. पहिला घोट अशा वाइनचा छान लागतो, गोडसर, भरलेला. अर्धा ग्लास संपवताना कंटाळा येतो.

तोंडात

छोटा घोट घ्या, तोंडभर फिरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा, मग थुंका. आता चार गोष्टी तपासायच्या.

पहिली, आंबटपणा. जिभेच्या कडेने पाणी सुटतं ते त्यामुळे. उष्ण प्रदेशात पिकताना द्राक्षातलं आम्ल घटतं, म्हणून इथे वाइनमध्ये टार्टारिक आम्ल घालणं नेहमीचं आहे. हे आम्ल आपल्या ओळखीचं आहे, चिंचेतलं मुख्य आम्ल तेच. आमटीत चिंचेचा कोळ शेवटी घातला आणि उकळी आली नाही तर काय होतं आठवा: आधी गोड लागतं, मग मागून आंबट वेगळंच येऊन टोचतं. घाईने दुरुस्त केलेली वाइन तशीच लागते. आंबटपणा पहिल्यापासून शेवटपर्यंत फळाबरोबर चालला पाहिजे.

दुसरी, तुरटपणा. हा फक्त रेडमध्ये नीट कळतो. किती आहे यापेक्षा कसा आहे हे बघा. चांगल्या चहाचा तुरटपणा हिरड्यांवर पातळ पसरतो आणि विरतो. कच्च्या केळ्याचा जिभेवर साय धरून बसतो. कुनावाराच्या कॅबर्नेत तो भरपूर असतो, पण पहिल्या प्रकारचा असावा. ग्रेनाशमध्ये कमी असतो आणि तो कमीच शोभतो.

तिसरी, अल्कोहोल. थुंकल्यावर घशात ऊब राहिली तर ठीक, जळजळ राहिली तर अल्कोहोल सुटं पडलं आहे. १४.५ टक्क्यांची बरोसा शिराझ ती ऊब जिरवू शकते, पण त्यासाठी फळ तेवढं दाट हवं.

चौथी, गोडवा. अनेक स्वस्त रेडमध्ये थोडी साखर मुद्दाम ठेवलेली असते, त्यामुळे ती मऊ वाटते. ती पकडायची युक्ती म्हणजे ग्लास तळव्यात धरून कोमट करायचा आणि मग चाखायचा. साखर असेल तर सरबताच्या तळाशी उरतं तसं लागतं आणि ओठ चिकट होतात.

शेवटी थुंकल्यावर मनात सेकंद मोजा. तीन-चारमध्ये चव गेली तर वाइन साधी. दहाच्या पुढे गेली, आणि ती चव फळाची असेल, तर त्या किमतीत तुम्हाला जास्तच मिळालं. नुसता कडवटपणा वीस सेकंद टिकला तर तो मोजू नका.

बिघडलेली बाटली

वाइन न आवडणं आणि बिघडलेली असणं वेगळं. पावसाळ्यात भिजून सुकलेल्या वर्तमानपत्राचा वास आला आणि फळ गायब झालं तर बूच दूषित होतं. म्हणूनच २००० सालच्या रीसलिंगपासून क्लेअर व्हॅलीच्या उत्पादकांनी एकत्र येऊन फिरकीचं झाकण लावलं, आणि आता इथे स्वस्त काय आणि बरीच महाग काय, सगळी त्याच झाकणात येते. फिरकीच्या झाकणाला कमी समजू नका.

उघडताच काडी ओढल्यासारखा किंवा उकडलेल्या अंड्यासारखा वास आला तर दहा मिनिटं थांबा, ग्लास जोरात फिरवा. पुष्कळदा उडून जातो. नेलपॉलिश किंवा व्हिनेगर, कापून काळं पडलेलं सफरचंद, जखमेवरच्या चिकटपट्टीचा वास, हे जात नाहीत. अशी बाटली पावतीसह दुकानात परत नेता येते. एका दुकानात मला ‘तुम्हाला अशा वाइनची सवय नसेल’ असं ऐकवण्यात आलं होतं. मी ग्लास मागितला, ओतला, समोर ठेवला, ‘हुंगून बघा’ म्हटलं. पैसे परत मिळाले. तुमच्या नाकाने सांगितलं असेल तर माघार घेऊ नका.

गुण

इथल्या वाइन स्पर्धांमध्ये अनेक वर्षं वीस गुणांची पद्धत होती: रंगाला ३, वासाला ७, चवीला १०. साडेपंधराला ब्राँझ, सतराला सिल्व्हर, साडेअठराला गोल्ड. आता शंभरपैकी देतात, ८५, ९० आणि ९५ वर हीच पदकं. घरी वीसची पद्धतच बरी. ३-७-१० अशी विभागणी असल्याने नाक आणि जीभ वेगळी वापरावी लागते.

बाटलीवरचं पदकाचं स्टिकर वाचायलाही शिका. ते कुठल्या वर्षाच्या वाइनला मिळालं ते बघा, कारण जुन्या सालचं पदक नव्या सालच्या जाहिरातीत फिरतं. १९६२ पासून मेलबर्नला दिली जाणारी जिमी वॉटसन ट्रॉफी सगळ्यात नावाजलेली. ती अनेक वर्षं वर्षभराच्या, अजून पिंपातच असलेल्या रेडला मिळायची, म्हणजे परीक्षकांनी चाखलेली वाइन आणि पुढे बाटलीत आलेली वाइन यांत अंतर असायचं.

सगळ्यांचे गुण वहीत उतरल्यावरच मोजे काढा. एकदा आम्ही एकच वाइन दोन मोज्यांत ठेवली होती, २ आणि ५. माझ्या वहीत २ ला पंधरा आणि ५ ला साडेसतरा गुण होते. त्या दिवसापासून मी अडीच गुणांपर्यंतच्या फरकाला फरक मानत नाही. तुम्हीही हा प्रयोग करा.

उरलेली वाइन झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा चाखा. ही पायरी कुणी करत नाही आणि ती सर्वात जास्त शिकवते. चांगली स्वस्त वाइन दुसऱ्या दिवशी तशीच असते, कधी तर उमललेली असते. चिपा, साखर आणि आम्लावर उभी केलेली सुटी पडते, तिन्ही वेगवेगळी लागतात.

आपल्या जेवणासोबत

तिखटाने अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही चढतात. तांबड्या रश्श्यासोबत १४.५ टक्क्यांची शिराझ घेतली तर तोंडाला आग लागते आणि रस्सा व वाइन दोघांचं नुकसान होतं. तिथे किंचित गोडसर रीसलिंग घ्या, किंवा ग्रेनाश थंड करून. बटाटेवडा, कोथिंबीरवडी, तळलेली सुरमई यांच्यासोबत नवी हंटर सेमिलॉन लिंबाची फोड पिळावी तशी बसते. शिराझ ठेवा मिरी-लवंगेच्या सुक्या मटणासाठी, ज्यात मिरचीपेक्षा खडा मसाला पुढे आहे.

महाराष्ट्रात घेताना

भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. ७५० मिलिलिटरची आयात किंमत ५ अमेरिकी डॉलरच्या वर असेल तर सीमाशुल्क १५० टक्क्यांवरून १०० वर आलं आणि दहा वर्षांत ५० वर येणार आहे. १५ डॉलरच्या वर असेल तर ते ७५ वर आलं आणि २५ वर उतरणार आहे. पाच डॉलरच्या आतल्या वाइनला सवलत नाही. म्हणजे इथली सगळ्यात स्वस्त बाटली पुण्या-मुंबईत सगळ्यात वाईट सौदा ठरते. तिथे ऑस्ट्रेलियन घ्यायचीच असेल तर ठरावीक प्रदेशाचं नाव असलेली, एक पायरी वरची घ्या, आणि रोजच्यासाठी नाशिकची. महाराष्ट्रात वाइनसाठी वय २१ पूर्ण लागतं, ऑस्ट्रेलियात १८.

परदेशातून येताना माणशी दोन लिटर आणता येते, म्हणजे दोन बाटल्या. गेल्या डिसेंबरला मी एक रीसलिंग आणि एक हंटर सेमिलॉन नेली. बाबा पंचेचाळीस वर्षं द्राक्षं पिकवताहेत, वाइन त्यांनी आयुष्यात दोनदा घेतली असेल. सेमिलॉनबद्दल मी काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी स्टीलच्या पेल्यातून घोट घेतला, गालात फिरवला, थोडा वेळ बागेकडे बघत राहिले. म्हणाले, “शुगर भरायच्या आधीच काढलाय माल. पाऊस दिसत होता काय त्यांना?”